फाट्यावरून उजवीकडे

गेवराई,
४ नोव्हेंबर २०२५

ती. मामांस,

वर्षाराणीचा शरणार्थ. सवयीने लिहिला आहे, मनापासून नाही, हे आधीच सांगते.

फोन केला की तुम्ही "आवाज येईना" म्हणून कापता. सायलेन्सरची फडफड ऐकून तुमचा उजवा कान गेला, हे मला माहीत आहे. पण परवा डाव्या कानाला माझा राग नीट ऐकू आला, म्हणूनच तुम्ही फोन ठेवलात. कागद मधेच कापता येत नाही. फाडता येईल, पण वाचल्याशिवाय तुम्हाला राहवणार नाही, म्हणून पत्र लिहिते आहे. डावा हात प्लास्टरमध्ये आहे, उजवा चांगला चालतो.

काय झालं ते तुम्ही वीरभद्रकडून ऐकलंत, माझ्याकडून नाही. आता माझ्याकडून ऐका. तलवाड्याच्या पुढे विमलबाईची वस्ती आहे. तिची म्हैस अडली होती, पारडू आडवं होतं. मी गेवराईतून निघाले. तुम्ही बसवून दिलेल्या होल्डरमध्ये मोबाईल, तुम्हीच हेल्मेटात बसवून दिलेलं यंत्र कानाशी. तलवाडा मागे पडलं आणि फाट्यावर कानातली बाई म्हणाली, "उजवीकडे वळा." स्क्रीनवर जाड रेघ होती, तिच्यावर नाव होतं, तानाजीनाना मार्ग. वळले. थोडं अंतर मुरूम होता, मग नुसती चाकोरी, आणि एका चढाच्या पलीकडे पुलाच्या नळ्यांसाठी खोदलेला आडवा चर. नळ्या नाहीत, पूल नाही, नुसता चर. मी गाडीसकट आत गेले.

विमलबाईने आणि तिच्या सुनेने मला वर काढलं. विमलबाईचा पहिला प्रश्न काय होता माहीत आहे? "बाई, तुमालाबी त्या मोबाईलनंच आणलं का?" माझ्याआधीही लोक पडलेत तिथे. मी तशीच एका हाताने म्हशीपाशी बसले. म्हैस वाचली, पारडू गेलं. उशीर झाला होता.

आता मुद्द्याचं. घरी आल्यावर वीरभद्रने गाडीची किल्ली काढून घेतली आणि दुकानाच्या गल्ल्यात टाकली. मी भांडले, तर म्हणाला, "मी न्हाई म्हणत, तुझे मामाच म्हणले. तिला घाई लई, वळणावर अंदाज येत न्हाई, थोडे दिवस गाडी बंदच ठेवा." हे तुम्ही म्हणालात? नेकनूरच्या माळावर मला गाडी शिकवणारा माणूस हे म्हणाला? आईनेही फोनवर तेच वाक्य म्हटलं, म्हणजे तिलाही तुम्हीच सांगितलंत.

वस्त्यांवर जाऊन गुरांवर उपचार करायचं माझं काम तुम्हाला माहीत आहे. म्हैस माजावर आली की ती बसची वाट बघत नाही. गाडी नसेल तर आठ-पंधरा दिवसांत लोक दुसऱ्या कोणाला तरी बोलवायला लागतील, आणि एकदा सवय मोडली की परत मला कोण बोलावणार? वीरभद्रला तेच हवं आहे. तो वाईट नाही, पण बायको दुकानात बसली तर त्याला बरं वाटेल. आजवर त्याच्याकडे कारण नव्हतं, ते तुम्ही दिलंत.

हे तुम्ही खरंच म्हणालात का, एवढं कळवा.

वर्षाराणी

&nbsp;

नेकनूर,
९ नोव्हेंबर

चि. वर्षाराणीस अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. लिहिण्याची पद्धत आवडली नाही. मामाला असं लिहितात का? असो, हात मोडलाय, दुखत असेल, म्हणून सोडून देतो.

आधी होल्डरचं बघू. तुला मी सांगितलं होतं की आठवड्यातून एकदा स्क्रू आवळत जा. आपल्याकडच्या रस्त्याने गाडी थरथरते, स्क्रू ढिले होतात, मोबाईल हलतो आणि रेघ नीट दिसत नाही. तू आवळला नसणार. दुसरं, दुपारच्या उन्हात स्क्रीन काळी पडते, मोबाईल तापून बंदही पडतो. तू स्क्रीन बघत होतीस की रस्ता, हे मला कसं कळणार?

यावर उपाय पाठवतोय. पार्सलात एक गोल डायल आहे, हँडलवर घड्याळासारखी बसते. तिच्यात नकाशाच नाही, फक्त बाण दिसतो. लक्ष विचलित होत नाही. पुण्याची रायडिंगवाली पोरं हीच वापरतात. दुसरं, रबरी गादीचा नवा होल्डर. तिसरं, हेल्मेटासाठी दोन्ही कानांचा स्पीकर, जुना एकाच कानाचा होता. तिन्हीतलं तुला सोयीचं पडेल ते ठेव, आवडली तर सगळी ठेव. दुकान आपलंच आहे.

आता एक विचारतो. विमलबाईकडून मला कळलं की फाट्यावर बाभळीच्या काट्या टाकलेल्या होत्या. रस्ता बंद आहे हे सांगायला काट्या टाकतात, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. तू शेतकऱ्यांत वाढलेली पोरगी. काट्या दिसत असताना तू वळलीसच कशी? नकाशाला कशाला दोष देतेस? नकाशा हजारो लोक बघतात. चूक असती तर कोणीतरी सुधारली असती.

हाड जुळेपर्यंत गाडीचं नाव काढू नको. वीरभद्र तुझ्या भल्याचंच बघतोय.

तुझा मामा,
बसवेश्वर

&nbsp;

गेवराई,
१५ नोव्हेंबर

मामा,

आज शरणार्थ नाही.

मी एकच गोष्ट विचारली होती. तुम्ही तसं म्हणालात का? तीन यंत्रं पाठवलीत आणि उत्तर पाठवलं नाही. म्हणजे म्हणालात.

काट्यांचं उत्तर देते, कारण तो प्रश्न बरोबर आहे आणि मी रोज स्वतःला तोच विचारते. काट्या होत्या. पण आडव्या नव्हत्या, कोणीतरी ओढून कडेला टाकलेल्या होत्या. मी पाहिल्या, गाडी हळू केली. तिथेच एक म्हातारा शेळ्या घेऊन उभा होता. त्याला विचारता आलं असतं. विचारलं नाही, ते तुमच्यामुळे. आठवा, गाडीवर पहिल्यांदा होल्डर बसवताना तुम्ही काय म्हणाला होतात. "पोरी, रस्ता विचारायला थांबलीस की लोक आधी तुलाच विचारतील, कुणाची गं तू, एकटीच कुठं चाललीस, घरी ठावं हाय का. ही कानातली बाई काही विचारत न्हाई. तिचं ऐक, माणसाचं ऐकू नको." मला ते इतकं आवडलं होतं! दोन वर्षं मी कुठे थांबले नाही, कोणाला बापाचं नाव सांगितलं नाही, नवऱ्याचं सांगितलं नाही. मला ते यंत्र त्यासाठी हवं होतं, नुसता रस्ता कळावा म्हणून नाही. त्या दिवशी मी काट्यांपेक्षा तिच्यावर विश्वास ठेवला.

आणि आता ती माझ्याशी खोटं का बोलली, ते ऐका.

मोबाईल दुरुस्त होऊन आला. मी तानाजीनाना मार्गाच्या नावावर बोट ठेवलं, तर खाली फोटो उघडला. तुमच्या त्या पुढाऱ्याच्या, तानाजीनानांच्या हातात नारळ, मागे जेसीबी, जेसीबीला झेंडूची माळ. नानांच्या शेजारी गुलालाने माखलेले, हातात मोबाईल उंच धरलेले तुम्ही. फोटो टाकणाऱ्याचं नाव, बसवेश्वर, गंगासागर ऑटो, नेकनूर. नावापुढे ते तारे, जे तुम्ही दिवाळीत आम्हा सगळ्यांना दाखवत होतात. "जिल्ह्यात माझ्याएवढ्या जागा नकाशावर कुणी टाकल्या न्हाईत." हो ना?

मला आठवतंय सगळं. दीड वर्षापूर्वी तुम्ही नेकनूरहून मोटारसायकल रॅली घेऊन तलवाड्याला गेलतात, भूमिपूजनाला. येताना आमच्याकडे जेवलात आणि म्हणालात, "रस्ता व्हायच्या आधी म्या नकाशावर आणला. रॅलीतल्या सगळ्या पोरांनी जाग्यावर मोबाईल काढून रस्ता हाय म्हणून होकार दिला." आम्ही हसलो होतो. वीरभद्रने तुम्हाला दुसरी पोळी वाढली होती.

रस्ता झाला नाही. जेसीबीने फोटोपुरता चर खोदला आणि तो परत गेला. पण तुमची रेघ राहिली. लोक त्या रेघेवरून येतात आणि चरात पडतात. विमलबाई काट्या टाकते, नानांची माणसं काट्या काढतात, कारण नानांच्या नावाच्या पाटीसमोर काट्या शोभत नाहीत. आणि हे सगळं माहीत असताना तुम्ही माझ्या नवऱ्याला सांगता की वर्षाला वळणावर अंदाज येत नाही?

दोन गोष्टी करा. ती रेघ पुसा. आणि वीरभद्रला आणि आईला खरं सांगा. फोनवर नको, फोनवर तुमचा आवाज सोयीने जातो.

गोल डायल बघितली. बाण छान दिसतो. तो बाणही त्याच रेघेवरून चालतो, मामा. चुकीच्या रस्त्याकडे जास्त स्पष्ट दाखवेल, एवढाच फरक. तिन्ही वस्तू परत पाठवते आहे.

वर्षाराणी

&nbsp;

नेकनूर,
२० नोव्हेंबर

वर्षाराणीस,

पार्सल परत आलं. तुझ्या मामीने उघडलं आणि ती रडली. भाचीने मामाची वस्तू परत पाठवायची, हे आपल्या घरात कधी झालं नव्हतं.

तू मला चोर ठरवायला निघालीस. ऐक मग. तो रस्ता मंजूर आहे. मंजुरीचं पत्र मी डोळ्यांनी बघितलंय. काम थांबलं ते ठेकेदारामुळे, नानांमुळे नाही. आज ना उद्या रस्ता होणारच आहे. आणि मी काय स्वतःच्या फायद्यासाठी नकाशावर जागा टाकतो? नेकनूरच्या आसपासच्या सगळ्या वाड्या, पाणवठे, दवाखाने, पंक्चरची दुकानं मी टाकली. फुकट. रात्रंदिवस लोक माझ्या जोरावर फिरतात. त्यातली एक रेघ वाकडी निघाली तर तू मामाच्या तोंडाला काळं फासणार?

रेघ पुसायची म्हणतेस. पुसली म्हणजे काय होईल ते कळतं का तुला? निवडणूक तोंडावर आहे. विरोधक लगेच बोंबलणार, बघा, नानाचा रस्ता त्यांच्याच माणसाने पुसला. मग नाना मला दारात उभं करतील का? चाळीस-पन्नास गाड्यांची रॅली काढणारा माणूस आहे मी, माझ्या दुकानाचं निम्मं गिऱ्हाईक तिथून येतं. विमलबाईलाही विचार, तिला रस्ता हवा की नको. नकाशावरून गेला तर तिला कोण रस्ता देणार आहे?

आणि हो, वीरभद्रला मी म्हणालो. काय चुकलं? तुला घाई असतेच. शिकवताना तीनदा माझ्या दुकानाच्या शटरवर गाडी घातली होतीस, ते विसरलीस? हात मोडून आलेल्या पोरीच्या नवऱ्याला मामाने काय सांगायचं, जाऊ द्या तिला परत त्याच चरात? मी सांगितलं ते तुझ्या जिवासाठी सांगितलं. मी नसतो तर तू आज गाडीला हातही लावला नसतास. तुझ्या बापाचा विरोध कोणी मोडला? मी. हे लक्षात ठेवून पुढचं पत्र लिही. नाहीतर लिहू नको.

बसवेश्वर

&nbsp;

गेवराई,
३ डिसेंबर

मामा,

तुम्ही गाडी शिकवलीत हे मी विसरले नाही. म्हणूनच एवढी चिडले आहे. दुसऱ्या कोणी माझ्याबद्दल असं बोललं असतं तर मी त्याला हसले असते आणि कामाला लागले असते.

विमलबाईला विचारलं. बसने तलवाड्यापर्यंत गेले आणि पुढे चालत. ती म्हणाली, "पुसा म्हणावं. नसलेल्या रस्त्यानं आमाला कोण भेटायला येतंय? आलं ते समदं पडाय आलं." तिला रस्ता हवा आहे. रेघ नको.

मी स्वतः नकाशावर लिहून पाठवलं की इथे रस्ता नाही. उत्तर आलं की सूचना स्वीकारता येत नाही. का येईल? तुमच्या रॅलीतल्या सगळ्यांनी होकार दिलेला, आणि मी एकटी.

आता हे वाचा. अभिमन्यू नावाचा एक माणूस आहे, उमापूरकडचा. बहिणीचं लग्न ठरलं म्हणून मोटारसायकलवर पत्रिका वाटत फिरत होता. वस्त्यांवरचे पाहुणे नकाशावर शोधत शोधत. सोमवारी संध्याकाळी त्याला तुमच्या बाईने उजवीकडे वळवलं. विमलबाईने सकाळी काट्या टाकल्या होत्या, दुपारी नानांच्या माणसांनी काढल्या. त्याचा जबडा मोडला आणि मांडीचं हाड मोडलं. बीडला नेलं आहे. शुद्धीत आहे, बोलता येत नाही. लग्न पुढच्या महिन्यात आहे आणि पत्रिका सगळ्या त्या चरात पडल्या आहेत.

मी तिथे होते मामा. म्हशीला तपासायला गेले होते. त्याच्या पायाला फळी मीच बांधली, माझ्या एका धड हाताने. त्याच्या हँडलवरचा मोबाईल जागेवरच होता. तुमच्याच दुकानातल्यासारखा होल्डर, घट्ट आवळलेला. त्यावरची बाई अजून बोलत होती, "सरळ जा."

त्यालाही घाई असते का? त्यालाही वळणावर अंदाज येत नाही का? त्याच्या घरी फोन करून सांगा ना तसं.

यापुढे मला पत्र लिहू नका. रेघ पुसली जाईपर्यंत तुम्ही माझे मामा नाही. हे रागात लिहिलं आहे आणि राग गेल्यावरही खरंच राहील.

वर्षाराणी

&nbsp;

नेकनूर,
२१ डिसेंबर

चि. वर्षाराणीस तुझ्या मामीचे आशीर्वाद.

पोरी, मला लिहिण्याची सवय नाही, चुकलं तर समजून घे. तुमच्या दोघांच्या भांडणात मी पडणार नव्हते, पण आता राहवत नाही.

तुझं शेवटचं पत्र आलं तेव्हा हे दुकानातच वाचत बसले. जेवायला बसले की ताटावरून उठायचे. मी काही विचारलं की अंगावर यायचे. मग एक दिवस सकाळी कपडे घातले आणि बीडच्या बसमध्ये बसले. दवाखान्यात जाऊन येतो म्हणाले. कोणाला बघायला ते सांगितलं नाही. दवाखान्यातून तसेच तुझ्याकडे गेवराईला गेलते हे मला वीरभद्रच्या फोनवरून कळलं. परत आले ते पँट मातीने भरलेली, आणि तोंडाला कुलूप. तिकडे काय झालं, तूच सांग. तुम्ही भांडलात का? काही बोलले का तुला?

आणि मला दुसरीच भीती वाटते. आल्याच्या तिसऱ्या दिवशी यांनी रॅलीची सगळी पोरं दुकानात गोळा केली. मी चहा द्यायला गेले तर म्हणाले, "चहा न्हाई, तू आत जा." शटर अर्धं ओढून घेतलं. आतून यांचा आवाज येत होता, "काढा बे मोबाईल, समद्यांनी काढा, म्या सांगतो तिथं बोट ठिवा." कोणी तरी म्हणालं, नानाला काय सांगायचं. त्यावर यांनी अशी शिवी दिली की मला इथे लिहवत नाही. पोरं गेली ती मान खाली घालून. मला तर वाटतं नानांची मोठी रॅली काढायच्या तयारीत आहेत निवडणुकीसाठी. पुन्हा तेच सुरू होणार. पण मग दुकानातला नानांचा फोटो का काढला, तेही कळेना. आणि नानांची माणसं परवापासून पेट्रोल पंपावर यांना बघून तोंड फिरवतात.

तू शहाणी आहेस. मामा तुला जीव लावतो. रागात काही लिहिलं असलंस तर विसर.

तुझी मामी,
गंगासागर

&nbsp;

गेवराई,
२८ डिसेंबर २०२५

ती. मामीस,

वर्षाराणीचा शरणार्थ. हा मनापासून.

मामा घरी काय सांगतील याचा भरवसा नाही, म्हणून झालं तसं लिहिते.

माझं प्लास्टर निघून चार दिवस झाले होते. मी दुकानात मागे तूरडाळ चाळत बसले होते. हो, मला डाळ चाळायला बसवलं होतं. बाजाराचा दिवस, दुकानात ही गर्दी. मामा आत आले, नमस्कार नाही, पाणी नाही, सरळ वीरभद्रपुढे हात केला. "किल्ली दे बे."

वीरभद्र गडबडला. म्हणाला, "कशाची मामा?"

"तिच्या गाडीची. अजून किती गाड्या हायत तुझ्या गल्ल्यात?"

"तुमीच म्हणलात, तिला अंदाज येत न्हाई."

"म्हणलो. खोटं म्हणलो. तिला चांगला अंदाज येतो, माझ्यापेक्षा बरा येतो. रस्ताच नव्हता तिथं. तो म्या टाकलता मोबाईलात, नानाला खूश करायला. ती म्या टाकलेल्या रस्त्यानं गेली म्हणून पडली. कळलं का? का अजून मोठ्यानं सांगू?"

मामी, मोठ्याने सांगायला जागाच उरली नव्हती. गिऱ्हाईकं साखर मागायची विसरली. वीरभद्रचं तोंड लाल झालं होतं, पण त्याने किल्ली दिली. मामांनी ती माझ्याकडे फेकली, हातात दिली नाही. म्हणाले, "चल. तू चालव. म्या मागं बसतो. त्या चरापाशी ने मला."

बाजाराच्या गर्दीतून मी मामांना मागे बसवून निघाले. तुम्ही कल्पना करा. तुमचा नवरा, रॅलीत सगळ्यांच्या पुढे गाडी चालवणारा, भाचीच्या मागे बसलेला, हात कुठे धरायचा ते कळत नाही म्हणून कॅरिअर पकडलेला. चौकात नानांची दोन माणसं उभी होती. एकजण ओरडला, "काय बे बसवेश्वर, बाईच्या मागं बसून कुठं?" मला वाटलं मामा उतरतील. उतरले नाहीत.

आम्ही वाटभर भांडलो. पहिल्यांदा ते म्हणाले, "तरीबी काट्या दिसल्या होत्या तुला." मी गाडी कडेला घेतली आणि म्हटलं, पुन्हा एकदा म्हणा, इथेच उतरवते. मग मी जे पत्रात लिहिलं नव्हतं तेही सगळं बोलले. की मला डाळ चाळायला बसवलं. की चार गावांनी दुसऱ्या माणसाला बोलवायला सुरुवात केली. की त्या दिवशी चरात पडल्यावर मला पहिला विचार आला तो मामांना फोन करायचा, ते मला सोडवतील असा. मी एवढं ओरडले की घसा बसला. मामा मागून डावा कान पुढे करून बसले होते, त्यांनी सगळं ऐकलं.

चरापाशी गेलो. मामा आत उतरले. माझा हात धरला नाही, बसकण मारत उतरले, म्हणून पँट मळली. अभिमन्यूच्या पत्रिका अजून तिथेच होत्या, हळदीचं बोट लावलेल्या, ओलाव्याने फुगलेल्या. मामांनी एक उचलली, पुसली आणि खिशात ठेवली. मग म्हणाले, "पोराच्या बापाने मला दवाखान्यात चहा पाजला. मी कोण ते त्याला सांगितलंच न्हाई." विमलबाई वरून बघत होती. तिने त्यांना पाणी दिलं आणि विचारलं, "तुमालाबी मोबाईलनंच आणलं का?" मामा म्हणाले, "न्हाई. हिनं आणलं."

स्टँडवर सोडलं तेव्हा माझ्याकडे बघितलं नाही. मीही नमस्कार केला नाही. रेघेबद्दल एक शब्द बोलले नाहीत, आणि माझ्या मनात आलं, एवढं होऊनही नानांची भीती जात नाही या माणसाची. त्या रात्री मी वीरभद्रशीही भांडले. तो म्हणाला, माझं चुकलं. मी म्हटलं, चुकलंच. किल्ली आता माझ्या गळ्यातल्या दोऱ्यात असते.

मग तुमचं पत्र आलं. शटर अर्धं ओढलेलं, पोरांचे मोबाईल, बोट ठेवा म्हणणं. मामी, ती रॅलीची तयारी नव्हती. मीही पत्र दोनदा वाचलं आणि खात्री करून घ्यायला काल सकाळी गाडी काढली. नवं यंत्र काही घेतलं नाही. जुनाच होल्डर, स्क्रू आवळलेला, एकाच कानात आवाज, दुसरा कान रस्त्यासाठी मोकळा. तलवाडा मागे टाकलं. शेळ्यांचा म्हातारा तिथेच होता. या वेळी मी थांबले आणि त्याला विचारलं, वस्तीला कसं जायचं. त्याने विचारलंच, "कुणाची गं तू?" मी म्हटलं, मी म्हशींची डॉक्टर आहे, वर्षाराणी. तो म्हणाला, "मग सरळ जा, वड्याकडनं. उजवीकडं काय न्हाई."

फाट्यावर काट्या आडव्या पडल्या होत्या. कोणी काढल्या नव्हत्या. पाटीही तिथेच होती, नानांचा फोटो हसरा. मी कान देऊन ऐकत होते. मग कानातली बाई म्हणाली, "सरळ जा." स्क्रीनवर उजवीकडची रेघच नव्हती.

मला रडू आलं आणि त्याचाही राग आला. मामांना सांगा की मी अजून चिडलेली आहे. आईला त्यांनी अजून खरं सांगितलेलं नाही, ती काल फोनवर पुन्हा म्हणाली की जपून चालव, तुला अंदाज येत नाही. हे पत्र त्यांना त्यांच्या डाव्या बाजूला बसून वाचून दाखवा. आणि आईचं घर तुमच्या दुकानापासून चार पावलांवर आहे, तिथे जायला नकाशा लागत नाही, असंही सांगा.

मी सरळ गेले. म्हैस पुन्हा माजावर आली आहे.

तुमची,
वर्षाराणी